बारीक मनगट, लोकलचा प्रवास आणि दहा हजारांचं बजेट, घड्याळ कुठलं घ्यायचं?

प्रश्न थोडक्यात असा आलाय. वय २८, उंची ५ फूट ११, अंगाने सडपातळ, मनगट जेमतेम साडेसहा इंच. राहायला घोडबंदर रोडला, नोकरी ऐरोलीला आयटीत, स्टेशनपर्यंत बाईक आणि पुढे ट्रान्स हार्बर. शनिवार-रविवार बॅडमिंटन, गणपतीत ढोलपथक, डिसेंबरात लग्न. बजेट दहा हजार, ताणून बारा. "घरचे म्हणतात उंचीला शोभेल असं मोठं घे, मित्र म्हणतात स्मार्टवॉच घे, मला ऑटोमॅटिक आवडतं आणि बाबांचं जुनं एचएमटी कपाटात बंद पडून आहे. काका, नक्की काय करू?"

आधी हे सांगतो की मी ठाण्याच्या नौपाड्यात घड्याळं विकतो पण आणि दुरुस्त पण करतो, आणि माझा सल्ला बराचसा दुरुस्तीच्या टेबलावरून येतो. शोकेसमध्ये सगळीच घड्याळं चांगली दिसतात हो, दोन पावसाळे खाऊन परत येतात तेव्हा कळतं कुठलं कोणाच्या हातात टिकलं आणि कुठलं नाही, आणि दहातली निम्मी तरी अशी असतात की घड्याळ वाईट नसतं, ते चुकीच्या माणसाने घेतलेलं असतं.

तर पहिलं म्हणजे उंचीचा विचार डोक्यातून काढून टाका. घड्याळ उंचीवर बसत नाही, मनगटावर बसतं. सहा फुटी माणसाचं मनगट सव्वासहा इंच असू शकतं आणि वाशीच्या एपीएमसी मार्केटात गोणी उचलणाऱ्या साडेपाच फुटी माणसाचं आठ इंच. घरचे जे "मोठं घे" म्हणतायत ते तुम्हाला लांबून आख्खं बघतायत म्हणून म्हणतायत. ४५ मिमीचं घड्याळ तुमच्या हातावर घातलं की मनगट आणखी बारीक दिसतं, आणि लग्नाच्या फोटोत आधी ते घड्याळ दिसेल, मग तुम्ही.

दुसरं म्हणजे डायलचा साइज बघून घड्याळ घेऊ नका. वेबसाइटवर मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं ४० मिमी, ४२ मिमी, तो केसचा, म्हणजे घड्याळाच्या बाहेरच्या धातूच्या कवचाचा, आडवा व्यास. मनगटावर बसतं की लटकतं ते ठरतं उभ्या मापाने, म्हणजे वरच्या पट्ट्याची जोडणी जिथून सुरू होते ना, तिथल्या कानाच्या टोकापासून खालच्या कानाच्या टोकापर्यंत. त्याला लग-टू-लग म्हणतात. सेल्समनला विचारलंत तर बरेचदा त्याला माहीत नसतं, पण मोजता येतं, साधी पट्टी लावा. हे माप तुमच्या मनगटाच्या वरच्या सपाट भागाच्या रुंदीपेक्षा कमी हवं, बस, बाकी सगळं नंतर. उदाहरण देतो, सेको ५ स्पोर्ट्सचं जे डायव्हरसारखं मॉडेल आहे त्याचा व्यास साडेबेचाळीस मिमी, ऐकून वाटतं केवढं मोठं, पण कान आखूड असल्यामुळे उभं माप ४६ च्या आसपास येतं आणि बारीक हातावर पण व्यवस्थित बसतं. उलट ४० मिमीची काही घड्याळं मी बघितलीयत ज्यांचे कान सरळ बाहेर आलेले, उभं माप ५० पर्यंत जातं, ती हातावर फळीसारखी पडून राहतात.

घरी करायचा प्रयोग सांगतो. जे घड्याळ आवडलंय त्याचं उभं माप शोधा, तेवढ्या लांबीची आणि व्यासाएवढ्या रुंदीची जाड कागदाची चिठ्ठी कापा, अगदी औषधाच्या खोक्याचा पुठ्ठा चालेल. मनगटाच्या हाडाच्या थोडं मागे, घड्याळ जिथे घालता तिथे आडवी ठेवा आणि आरशात बघा. टोकं मनगटाच्या कडेबाहेर आली तर ते मॉडेल विसरा. आरशातच बघा पण. आपण स्वतःचा हात डोळ्यापासून वीतभर अंतरावर धरून बघतो तेव्हा सगळं मोठं दिसतं, आणि फोनने जवळून फोटो काढलात तर त्याहून मोठं दिसतं, लेन्सचा प्रकार आहे तो. कित्येक जण असा फोटो मित्रांच्या ग्रुपवर टाकतात, तिथून "अरे थाळी घातलीय" असं आलं की चांगलं बसणारं घड्याळ परत करायला येतात.

साडेसहा इंच मनगटाला साधारण ३६ ते ४० व्यास आणि ४४ ते ४८ उभं माप, या पट्ट्यात राहा. जाडी ११-१२ च्या खाली ठेवा, नाहीतर फॉर्मल शर्टाची कफ अडकते. आणि हो, मनगटं दोन प्रकारची असतात, काहींची चपटी आणि काहींची गोल. तेवढ्याच घेराच्या चपट्या मनगटावर मोठं घड्याळ बसतं, गोलावर ते दोन्ही बाजूंनी अधांतरी राहतं आणि दिवसभर फिरत राहतं. टेप लावून घेर मोजणारे हे विसरतात. पांढरा डायल आणि बारीक कड असेल तर घड्याळ आहे त्यापेक्षा मोठं दिसतं, काळा डायल आणि जाड कड असेल तर लहान दिसतं, हे पण लक्षात ठेवा.

ज्यांचं मनगट जाड आहे त्यांच्यासाठी हेच उलटं, साडेसात-आठ इंचावर ३६ चं नाजूक घड्याळ बायकोचं घालून आल्यासारखं दिसतं, ४२-४४ खुशाल घ्या. बायकांना एक वेगळं सांगावं लागतं, जेंटस-लेडीज असं काही राहिलं नाहीये, ३४-३६ मिमीचं साधं घड्याळ खूप जणींना छान दिसतं, पण बांगड्या ज्या हातात त्याच हातात घड्याळ नको. सोन्याच्या पाटल्यांनी केसच्या कडा घासतात आणि काचेच्या चुड्याने घड्याळाच्या काचेवर बारीक रेघा पडतात, माझ्याकडे काच बदलायला येणाऱ्या लेडीज घड्याळांत हे कारण फार. आणि पंचेचाळिशी ओलांडलेल्यांनी आधी चष्मा न लावता वेळ वाचता येते का ते बघावं, चांदीच्या डायलवर चांदीचे काटे दिसायला फार श्रीमंत, संध्याकाळी सातला प्लॅटफॉर्मवर काही दिसत नाही.

आता पाणी. आपल्याकडे घड्याळं वेळेआधी मरतात ती घाम आणि पावसाने, पडून फुटणारी त्यामानाने कमी. आणि मागे ३० मीटर लिहिलंय म्हणून माणूस बिनधास्त असतो. ते ३० मीटर म्हणजे तीस मीटर खोल जाता येतं असं अजिबात नाही. ती स्थिर दाबाची चाचणी असते. हात पाण्यात मारला, नळाची धार पडली, गरम पाण्याने रबर फुगलं, याचा हिशेब त्यात नाही. व्यवहारात धरायचं ते असं, ३० म्हणजे हात धुताना उडालेले शिंतोडे, ५० म्हणजे पावसात भिजलं तरी चालेल आणि फार तर थोडंसं पोहणं, १०० म्हणजे स्विमिंग पूल, आणि २०० आणि पुढे डायव्हरचं. तुम्ही जून ते सप्टेंबर बाईकवरून स्टेशनला जाता, रेनकोटच्या बाहीतून पाणी आत शिरतं आणि तासभर तिथेच साचून राहतं, म्हणून तुम्हाला किमान ५० हवंच, १०० मिळालं तर उत्तम. घड्याळ घालून गरम पाण्याची आंघोळ मात्र शंभरवाल्यानेही करू नका, वाफ पाण्यापेक्षा वाईट.

आणि एक गोष्ट जी कोणी सांगत नाही. हे वॉटर रेझिस्टन्स कायमचं नसतं. मागच्या झाकणाखाली एक रबरी रिंग असते, केसाएवढी बारीक. स्टेशनबाहेर पाच मिनिटात सेल टाकून घेता तेव्हा झाकण स्क्रू ड्रायव्हरने उचकटलं जातं, ती रिंग कधी चिमटते, कधी तुटते, कधी तिथेच टेबलावर राहून जाते, झाकण दाबून बसवलं की बाहेरून काही कळत नाही. मग जुलैमध्ये काचेच्या आतून धुकं धरतं. असं घड्याळ उघडलं की आत झाकणावर तांबूस गंज, काट्यांच्या बुडाशी पांढरी पूड आणि डायलला डाग. सेल बदलताना रिंग बघा, कडक झाली असेल तर नवी टाका, सिलिकॉन ग्रीस लावा, एवढं सांगा दुकानदाराला, आणि तो वैतागला तर दुसरीकडे जा. सेल पण सिल्वर ऑक्साइडचा मागा, साध्या क्वार्ट्झ, म्हणजे सेलवर चालणाऱ्या घड्याळात बहुतेक वेळा एसआर६२६एसडब्ल्यू लागतो. त्याच मापाचा अल्कलाइन सेल स्वस्त पडतो पण तो पाझरतो आणि पाझरला की मशीन गेलं. सेकंद काटा दोन-दोन किंवा चार-चार सेकंदांच्या उड्या मारायला लागला की बऱ्याच घड्याळांत तो सेल संपत आल्याचा इशारा असतो, बिघाड नसतो, आणि संपलेला सेल आत तसाच ठेवून कपाटात टाकू नका.

काचेत धुकं दिसलं तर तांदळाच्या डब्यात वगैरे ठेवू नका, चावी, म्हणजे कडेचं वेळ लावायचं बटण, बाहेर ओढा म्हणजे क्वार्ट्झचे काटे थांबतील आणि त्याच दिवशी दुरुस्तीला न्या. एक दिवस आणि एक आठवडा यात मशीन वाचणं आणि न वाचणं एवढा फरक असतो.

पट्टा. चामड्याचा पट्टा ठाणे-नवी मुंबईत फक्त चार-पाच महिने सुखाने घालता येतो. दिवाळीपासून होळीपर्यंत म्हणा. बाकी वेळ घाम पिऊन आतून काळा पडतो, वास मारतो, पावसाळ्यात कपाटात ठेवला तर बुरशी. आवडत असेल तर घ्या, पण बरोबर एक सिलिकॉन किंवा नायलॉनचा पट्टा घेऊन ठेवा आणि जूनमध्ये बदला. हल्ली क्विक रिलीजची पिन असते, नखाने ओढली की पट्टा निघतो, घरी बसून होतं. फक्त पट्ट्याची रुंदी १८, २० किंवा २२ अशी सरळ आकड्यातली असलेलं घड्याळ घ्या. काही कंपन्या केसला असा खास खाचा देतात की त्यांचाच पट्टा लागतो, आणि तीन वर्षांनी ते मॉडेल बंद झालं की तुम्ही माझ्यासमोर उभे राहता आणि माझ्याकडे उत्तर नसतं.

तुमच्यासाठी स्टीलची चेन बरी. पण चेन हातात घेऊन वजन बघा. स्वस्त चेनच्या कड्या पत्रा वाकवून केलेल्या असतात, खुळखुळ वाजतात आणि हाताचे केस ओढतात. भरीव कडी असली की आवाज दबका येतो. स्टीलवर ३१६एल (सहजी न गंजणाऱ्या स्टीलचा नंबर) लिहिलेलं असेल तर चांगलं. सोनेरी हवं असेल, लग्न आहे म्हणून विचारतील घरचे, तर पितळेवर सोन्याचं पाणी दिलेलं स्वस्तातलं घेऊ नका, ज्यांच्या घामाला खारटपणा जास्त त्यांच्या हातावर वर्षभरात कानाच्या टोकांवरून पाणी उडतं आणि खालून हिरवं दिसायला लागतं. स्टीलवर पीव्हीडी कोटिंग (यंत्रात चढवलेला कडक पातळ थर) असलेलं त्यामानाने टिकतं. ज्यांना आर्टिफिशियल दागिन्यांनी खाज सुटते त्यांना निकेलचा त्रास असतो बहुधा, त्यांनी टायटॅनियम बघावं, स्टीलच्या जवळपास निम्म्या वजनाचं, महाग पडतं पण त्वचेला त्रास नाही.

काचेचं पटकन सांगतो. जुन्या घड्याळात अॅक्रिलिक असायची, ओरखडे लगेच पडतात पण पॉलिश करून निघतात. आत्ताच्या बहुतेकांत मिनरल, म्हणजे कडक केलेली काच, ठीकठाक. सफायर, म्हणजे कृत्रिम नीलमाची काच, सगळ्यात कडक, लोकलच्या दांड्याला घासली तरी तिला काही होत नाही, मात्र दगडी फरशीवर कोपऱ्यावर पडली तर तडकू शकते. दहा हजाराच्या आत सफायर मिळालं तर घ्या, नाही मिळालं तर त्यासाठी अडून बसू नका.

आता तुमचं ऑटोमॅटिकचं प्रेम, म्हणजे सेल नसलेलं, हाताच्या हालचालीनेच चावी भरून घेणारं घड्याळ. समजू शकतो, मी स्वतः दिवसभर तीच उघडून बसलेला असतो. पण तुमचा आठवडा बघा की जरा. ढोल वाजवताना मनगटाला जो झटका बसतो तो एक-दोन नाही, तासनतास, आणि ऑटोमॅटिकमध्ये बॅलन्सचा, म्हणजे वेळ राखणाऱ्या झुलत्या चाकाचा, जो आस असतो त्याचं टोक केसाहून बारीक असतं. शॉक प्रूफिंग असतं, नाही असं नाही, पण ते चुकून बसलेल्या धक्क्यासाठी. बॅडमिंटनचा स्मॅश तोच प्रकार. त्यात घोडबंदरचे खड्डे. त्यात दिवसभर लॅपटॉपजवळ हात, लॅपटॉपच्या झाकणात आणि स्पीकरमध्ये लोहचुंबक असतात, मोबाइलच्या कव्हरला असतात, घड्याळ त्यावर ठेवलं की आतली बारीक स्प्रिंग चुंबक धरते, तिचे वेढे एकमेकांना चिकटतात आणि घड्याळ दिवसाला मिनिटं-मिनिटं पुढे पळायला लागतं. दुरुस्ती अर्ध्या मिनिटाची आहे, डीमॅग्नेटायझरवर फिरवलं की झालं, पण माणूस तोवर "मशीन खराब निघालं" म्हणून सगळीकडे सांगून आलेला असतो.

शिवाय वेळेचा हिशेब. क्वार्ट्झमध्ये स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो, म्हणून साधं दोन हजाराचं क्वार्ट्झ महिन्याला पंधरा-वीस सेकंदाच्या आसपास चुकतं. स्वस्तातलं ऑटोमॅटिक तेवढं एका दिवसात चुकू शकतं आणि त्याला दोष धरत नाहीत, त्याचा स्वभावच तो. तुम्हाला ८:१२ ची गाडी पकडायची असेल तर दर सोमवारी वेळ लावावी लागेल. आणि चार-पाच वर्षांनी सर्व्हिसिंग, सगळं खोलून धुऊन तेलपाणी, त्याचा खर्च दोन-तीन हजारांपासून पुढे. आठ हजाराच्या घड्याळाला ते जिवावर येतं, मग लोक करतच नाहीत, आणि सुकलेल्या तेलावर चाकं घासत राहतात. म्हणून माझं मत असं की पहिलं ऑटोमॅटिक थोडं थांबून, वीस-पंचवीस हजार हातात असतील तेव्हा घ्या, सेको किंवा ओरिएंटसारखं, ज्याची मशीन सगळ्या कारागिरांच्या ओळखीची असते आणि पार्ट मिळतात. दहा हजाराच्या आत पण ऑटोमॅटिक मिळतात, सगळीच वाईट नसतात, पण त्या पैशात तुम्ही मशीनला पैसे देता आणि केस, काच, चेन सगळ्यात तडजोड करता. (घेतलंच तर एक पाळा, रात्री नऊ ते पहाटे तीनच्या मध्ये चावीने तारीख बदलू नका, त्या वेळी तारखेचे दाते आधीच गुंतलेले असतात, जबरदस्ती केली की तुटतात.)

स्मार्टवॉच. मी विकत नाही, म्हणून माझं म्हणणं थोडं जपूनच घ्या. पाम बीच रोडला किंवा येऊरला पळणारे, सायकल चालवणारे, ज्यांना डॉक्टरांनी पावलं मोजायला सांगितलीयत, त्यांना त्याचा खरंच उपयोग आहे. पण ते घड्याळापेक्षा फोनच्या जातीचं आहे, तीन-चार वर्षांत बॅटरी मलूल होते आणि ती बदलायची सोय स्वस्त मॉडेलात नसतेच. तुमचं काम दिवसभर स्क्रीनसमोर आहे, मीटिंगचं पॉप-अप समोर येतं, फोनवर येतं, तेच तिसऱ्यांदा मनगटावर कशाला? आणि बाईक चालवताना मनगट थरथरलं की नजर जातेच.

सोलर हा एक मधला रस्ता आहे ज्याकडे आपल्याकडे कमी लक्ष जातं. सिटिझनचं इको-ड्राइव्ह, कॅसिओचं टफ सोलर, डायलमधून उजेड घेऊन चालतं, ट्यूबलाइटवर पण थोडं चार्ज होतं, वर्षानुवर्षं झाकण उघडायला लागत नाही आणि झाकण उघडलं नाही की वर सांगितलेली रिंगची भानगड नाही. कारखान्यात, रबाळे-महापे पट्ट्यात काम करणाऱ्यांना मी हेच सुचवतो, पण रबरी पट्ट्यात. लेथवर किंवा इलेक्ट्रिक पॅनलवर काम करणाऱ्याने धातूची चेन घालूच नये, तिथे प्रश्न घड्याळाचा राहत नाही, हाताचा येतो.

बजेटबद्दल माझं जे मुख्य म्हणणं आहे ते हे की एका घड्याळाला सगळी कामं सांगू नका. दहा हजाराचं एकच घ्यायचं आणि तेच ढोलाला, तेच लग्नाला, तेच पावसात, असं केलंत तर दोन वर्षांत ते लग्नात घालण्यासारखं राहत नाही. तुमच्या बजेटचे मी तीन भाग करेन.

पहिला भाग हजार-दीड हजाराचा. कॅसिओचं साधं डिजिटल, एफ-९१डब्ल्यू किंवा त्याचंच कुठलंतरी भावंड. हे मॉडेल १९८९ पासून जवळपास तसंच येतंय, वजन एकवीस-बावीस ग्रॅम, हातात आहे हे विसरायला होतं. बारीक मनगटाला तर शिवून दिल्यासारखं. ढोल, बॅडमिंटन, ट्रेक, पाऊस, होळी सगळं याच्यावर काढा. थोडं दणकट हवं असेल आणि पुढे कधी पैसे असतील तर जी-शॉकमध्ये २१०० नंबरची मालिका बघा, ज्याला पोरं कॅसिओक म्हणतात, जाडी १२ च्या आत आहे, जी-शॉकच्या मानाने सडपातळच. तरी उभं माप साडेअठ्ठेचाळीस आहे, आधी पुठ्ठा लावून बघा.

दुसरा भाग सात-साडेसात हजारांचा, रोजचं आणि समारंभाचं. क्वार्ट्झ, स्टील, ३८ ते ४० मिमी, ५० किंवा १०० मीटर, तारीख असलेलं, डायल निळा किंवा पांढरा आणि त्यावर शक्य तेवढं कमी काम. तीन छोट्या डायलवाला क्रोनोग्राफ नको, तो जाड होतो, आणि स्टॉपवॉचची बटणं विकत घेतल्यानंतर पहिल्या आठवड्यातच काय ती दाबली जातात. टायटन, टायमेक्स, कॅसिओ, सिटिझन यात या भावात भरपूर आहे आणि सर्व्हिस सेंटर ठाण्यात-वाशीत जवळ आहेत, ते मी फार महत्त्वाचं धरतो. मॉलमध्ये कपड्यांच्या, पर्सच्या ब्रँडची घड्याळं असतात ना, बारा-पंधरा हजारांची, ती उघडली की बऱ्याचदा आत काहीशे रुपयांना मिळणारी साधी जपानी क्वार्ट्झ मशीन निघते. मशीन चांगलीच असते, माझं त्याबद्दल काही नाही, पण पंधरापैकी बारा हजार तुम्ही डायलवरच्या नावाला दिलेत एवढं समजून द्या. खूप सडपातळ घड्याळ आवडत असेल तर टायटनचं एज आहे, २००२ मध्ये आलं तेव्हा त्याची जाडी साडेतीन मिमी होती, कफखाली नाहीसं होतं, पण ते बजेटच्या बाहेर जाईल आणि पावसात चालणार नाही. फर्स्ट कॉपीच्या वाटेला जाऊ नका, डायलवर कितीही मोठं नाव असलं तरी आतलं मशीन बंद पडलं की आम्ही हात लावत नाही, लावून उपयोग नसतो.

आणि तिसरा भाग, दीड-दोन हजार, बाबांच्या एचएमटीला. हे तुम्ही प्रश्नात शेवटी जाता जाता लिहिलंय, मी असतो तर सुरुवातच तिथून केली असती. एचएमटीने १९६१ मध्ये सिटिझनच्या मदतीने बंगलोरला घड्याळं बनवायला सुरुवात केली, आणि आपल्याकडे एक काळ असा होता की नोकरी लागली की एचएमटी आणि जावयाला त्यांचंच कांचन मॉडेल. २०१६ मध्ये सरकारने घड्याळाची कंपनी बंद करायला मंजुरी दिली, पण कारागिरांच्या डब्यात पार्ट अजून आहेत. तुम्ही मॉडेल लिहिलं नाही, पण जनता असेल तर ते ३५ मिमीच्या आसपासचं, चावीचं, १७ ज्वेलचं (आत घर्षण कमी करणारे १७ बारीक खडे), तुमच्या मनगटाला अगदी मापात बसतं, तुमचे घरचे काहीही म्हणोत. बंद पडलंय याचा अर्थ बहुतेक वेळा एवढाच की तेल सुकलंय. चावी हलकेच द्या, फिरत असेल आणि काटा थोडा हलून थांबत असेल तर सर्व्हिसिंगने चालू होण्याची शक्यता खूप. चावी नुसतीच गरगर फिरत असेल तर स्प्रिंग तुटली असेल, तीही बदलते. जोर लावून चालू करायला जाऊ नका मात्र.

कारागिराला दोन गोष्टी बजावून सांगा. डायलला रंग द्यायचा नाही आणि केसला जोरात बफ मारायचा नाही. पिवळा पडलेला डायल तसाच राहू दे. ऑनलाइन जी चकचकीत एचएमटी मिळतात, केशरी, पोपटी डायलची, ती मुंबईतच चार घड्याळांचे पार्ट एकत्र करून, डायल नव्याने छापून तयार केलेली असतात, जमवणारे लोक त्यांना मुंबई स्पेशल म्हणूनच ओळखतात. ती घेण्यात पैसे घालवू नका, तुमच्याकडे घरात खरं पडलंय. सर्व्हिसिंग आत्ताच टाका, डिसेंबरची वाट बघू नका, कारण जुन्या घड्याळाला महिनाभर ठेवून टाइम बघावा लागतो, लग्नसराईत आमच्याकडे गर्दी असते आणि घाईत केलेलं काम नंतर तुम्हालाच त्रास देतं. लग्नात हे घाला. नवीन चामड्याचा तपकिरी पट्टा टाका, जनता असेल तर १८ चा लागतो बहुतेक, तरी मोजून घ्या. डिसेंबर आहे, चामडं चालेल. दिवसाला अर्धा-एक मिनिट मागेपुढे होईल, त्या दिवशी मुहूर्त भटजी सांभाळतील.

दुकानात जाल तेव्हाचं थोडं. घड्याळ घ्यायला संध्याकाळी जा, दिवसभर उकाड्यात हात सुजतो, सकाळी एसीतून निघून माप घेतलंत तर चेन दुपारी चावते. शर्ट रोज घालता तसा पूर्ण बाहीचा घालून जा. एक-दोन घड्याळं हातात घालून दहा मिनिटं दुकानातच फिरा, मनगट मागे वाकवून बघा, चावी हाताच्या पाठीवर रुतत असेल तर आता सोसेल असं वाटतं पण की-बोर्डवर हात टेकवून आठ तास काढायचेत तुम्हाला. गोखले रोड, राम मारुती रोडला दुकानं लागून आहेत, नवी मुंबईत वाशी सेक्टर १७, दोन-तीन ठिकाणी तेच मॉडेल घालून बघितलंत तर भावाचा पण अंदाज येतो. ऑनलाइन हजार रुपये कमी दिसले तर विकणारा कंपनीचा अधिकृत आहे का ते बघा, नाहीतर वॉरंटीला सर्व्हिस सेंटर हात वर करतं. वॉरंटी कार्डावर तारीख आणि शिक्का तिथेच मारून घ्या, घरी आल्यावर कोणी जात नाही परत.

चेन कापून मापात करून घ्याल तेव्हा करंगळी आत जाईल एवढी सैल ठेवा, आणि ज्या कड्या आणि पिना काढल्या त्या आठवणीने मागून घ्या. साडेसहा इंचाला तीन-चार कड्या तरी निघतीलच, आणि लग्नानंतर वजन वाढतं बहुतेकांचं.